दुनळीचा धक्का आणि पावसाळ्याची ओल

मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा विष्णुपुरीच्या घरांतली दारे-खिडक्यांची लाकडे आक्रसतात, चौकटींना फटी पडतात. त्याच घरात परवान्याची जुनी दुनळी बंदूक असेल, तर कपाटातला तिचा अक्रोडी दस्ताही आक्रसत असतो आणि त्याला यंत्राशी जखडून ठेवणारे स्क्रू ढिले पडत असतात. पुढे मृग बरसतो. गोदावरीवरचा शंकर सागर जलाशय भरू लागतो आणि सकाळच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते. आता तेच लाकूड ओल पिऊन फुगते आणि नळीवर, चापाच्या कमानीखाली, स्क्रूंच्या खाचांत तांबूस ठिपके उठतात. वर्षभरात त्या बंदुकीतून एकही काडतूस झाडलेले नसते, तरी ती थोडी झिजलेली असते.

मराठवाड्यातल्या जुन्या बंदुकांचे खरे आयुष्य शिवारात जात नाही, ते कपाटात जाते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार संपली. उरले ते आत्मसंरक्षण, शेतराखण, बँका आणि साखर कारखान्यांवरचा पहारा आणि वडिलोपार्जित वस्तू म्हणून केलेली जपणूक. म्हणून या बंदुकांबद्दल लिहायचे तर नेमबाजीपेक्षा निगेबद्दल लिहावे लागते. हा लेख त्यातल्या दोन गोष्टींपुरता आहे: दस्त्याच्या बुडाला बसवायचे रबरी पॅड आणि बंदूक सुरक्षित ठेवण्याची रीत. वरवर पाहता या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. प्रत्यक्षात जुन्या बंदुकीचे सर्वांत जास्त नुकसान याच दोन ठिकाणी होते, आणि दोन्हीकडे ते चांगल्या हेतूने केले जाते.

शस्त्राची निगा हा नांदेडला नवा विषय नाही. तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे जपलेली आहेत. त्यांत तलवारी, ढाल, धनुष्ये आणि बाणांचा भाता आहे, तशी एक तोड्याची बंदूकही आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला निवर्तले, म्हणजे हे लोखंड आणि लाकूड ३००हून अधिक पावसाळे पाहून टिकले आहे. दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या तख्तस्नानाच्या वेळी गोदावरीचे पाणी घागरींनी आणून तख्त धुतले जाते आणि शस्त्रेही स्वच्छ केली जातात. श्रद्धेचा भाग श्रद्धेच्या जागी ठेवूनही यातले एक तत्त्व कोणत्याही संग्रहालयाने घ्यावे असे आहे. पावसाळा संपल्यावर, ठरलेल्या दिवशी, न चुकता प्रत्येक शस्त्र हातात घेऊन पाहिले जाते.

घराघरांतल्या खंडेनवमीचा अर्थही मुळात हाच असावा. आश्विनातला तो दिवस पाऊस ओसरल्यावर येतो. शस्त्रे बाहेर काढायची, पुसायची, पूजा करायची. अडचण पूजेनंतर सुरू होते. ओले हळदकुंकू आणि फुलांचा ओलावा रात्रभर नळीवर राहिला तर सकाळी तिथे डाग दिसतो, आणि निळसर झिलई एकदा गेली की ती घरच्या घरी परत येत नाही. पूजा जरूर करावी. गंध लाकडी दस्त्याला न लावता पाटावर लावावे आणि नळी त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने, मग तेलाच्या फडक्याने पुसावी.

इथल्या जुन्या बंदुका कुठल्या, हेही थोडे पाहिले पाहिजे. बऱ्याचशा बारा बोअरच्या. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती बारा बोअर. नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. इंग्रजी बनावटीच्या दुनळ्या बहुतेक बर्मिंगहॅमच्या. वेब्ली अँड स्कॉट, डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर, बी.एस.ए. ही त्यांतली ठळक नावे. कधी नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या आर. बी. रॉडा किंवा मँटन या दुकानांची नावे कोरलेली असतात; अशा बऱ्याच बंदुका घडवल्या इंग्लंडात आणि विकल्या कलकत्त्यात. त्यांच्या जोडीला इशापूरच्या सरकारी कारखान्याच्या आणि मुंगेरच्या बंदुका आहेत, आणि शेतराखणीसाठी ठासणीच्या बंदुका आहेत. १९८०च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करणे जवळजवळ बंद झाले. त्यामुळे देशात आहे तोच इंग्रजी साठा हातोहाती फिरतो, आणि बर्मिंगहॅमची सुस्थितीतली दुनळी इथे जिव्हाळ्याची वस्तू होऊन बसते. अशा बंदुकीचा दस्ता करवतीखाली घालण्याआधी दहादा विचार व्हायला हवा.

तो विचार धक्क्यापासून सुरू करावा लागतो. बारा बोअरचे साधे काडतूस सुमारे ३० ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने पुढे फेकते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. छर्ऱ्यांबरोबर बुच आणि दारूचा वायूही बाहेर पडतो. तो धरला तर तीन किलोची बंदूक सेकंदाला साधारण पाच मीटर वेगाने खांद्याकडे येते. ग्रीनरने एक हिशेब रूढ केला: बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावे. ३० ग्रॅमला ९६ने गुणले की २,८८० ग्रॅम होतात, आणि जुन्या इंग्रजी दुनळ्या याच वजनाच्या आसपास भरतात. म्हणजे ती बंदूक ज्या काडतुसासाठी घडवली, तेच वापरले तर धक्का मुळातच सोसवणारा असतो.

रबरी पॅड हा धक्का कमी करत नाही. संवेग तितकाच राहतो. पॅड दबते तेवढा वेळ तो पसरवला जातो आणि खांद्यावर एका क्षणी पडणारे बळ घटते. सीझन बॉल झेलताना हात मागे घेतात, तेवढेच काम पॅड करते. ही युक्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या एस. डब्ल्यू. सिल्व्हर कंपनीने रबराचे असे पॅड बाजारात आणले, आणि तांबूस रबराची ती घडण आजही 'सिल्व्हर पॅड' म्हणूनच ओळखली जाते. पुढे अमेरिकेतल्या पॅकमायरने आधुनिक पॅडे घरोघर पोचवली.

पण बंदूक खांदा सोलून काढते म्हणून लगेच पॅड बसवणे, ही घाई आहे. जास्तीचा धक्का बऱ्याचदा दुसऱ्याच दोषाची खूण असतो, आणि पॅड ती खूण झाकून टाकते.

यातला सर्वांत गंभीर दोष काडतुसाच्या लांबीचा. जुन्या इंग्रजी बारा बोअरचे काडतूसघर बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आजची बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. तोंड दुमडलेले असल्याने न झाडलेले ७० मिलिमीटरचे काडतूस ६५च्या घरात बिनतक्रार बसते आणि बंदूकही सहज मिटते. फसगत इथेच होते. काडतुसावर छापलेली लांबी ही झाडल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. बार उडतो तेव्हा दुमडलेले तोंड उघडून पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि आतला दाब वाढतो. नेमबाजाला एवढेच कळते की बंदूक फार जोरात मागे येते. तो पॅड बसवतो, खांदा शांत होतो, आणि शंभर वर्षांची नळी प्रत्येक बाराला तिच्यासाठी न ठरवलेला दाब सोसत राहते. नळी दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून वळलेली असेल तर धोका आणखी मोठा, कारण त्यांतल्या बऱ्याच नळ्या काळ्या दारूसाठीच तपासलेल्या असतात. धूररहित दारूसाठीची इंग्रजी तपासणी १८९६पासूनची. तसा शिक्का नळीच्या पोटाशी आहे की नाही, हे बंदूक उघडून, नळ्या काढून पाहता येते. काडतूसघराची लांबी परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्यावी आणि तो आकडा कागदावर लिहून परवान्याबरोबर ठेवावा. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा. तिथली काडतुसे घेतली किंवा दुसरी कुठली, डब्यावरची लांबी वाचल्याशिवाय ती घरी आणू नयेत.

दुसरा दोष ढिल्या दस्त्याचा. उन्हाळ्यात लाकूड आक्रसून यंत्र आणि दस्ता यांच्यात केसाएवढी फट पडली की प्रत्येक बाराला यंत्र लाकडावर आदळते. धक्का वाढतो आणि काही दिवसांनी दस्त्याच्या मानेशी बारीक चीर दिसते. इथे पॅडचा काही उपयोग नाही; स्क्रू आवळणे आणि बैठक नीट करणे हेच काम आहे.

तिसरा दोष मापाचा. चापापासून दस्त्याच्या बुडापर्यंतचे अंतर इंग्रजी बंदुकीत साधारण साडेचौदा इंच असते. ते उंच इंग्रज गिऱ्हाइकासाठी, जाड लोकरी कोटावरून खांद्याला लागेल असे ठरवलेले. सुती सदऱ्यातल्या मध्यम उंचीच्या माणसाला ते बऱ्याचदा लांब पडते. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसतो आणि तिथे ठणका लागतो. अशा बंदुकीला वरून आणखी एक इंचाचे पॅड लावले तर ती अधिकच लांब होते. उलट कुणा आधीच्या मालकाने दस्ता आखूड करून ठेवला असेल, तर तिथे पॅड खरोखर उपकारक ठरते, कारण गेलेली लांबी भरून निघते आणि लाकूड कापावेही लागत नाही.

सर्व तपासूनही पॅड हवेच असेल, तर पहिली पसंती चामड्याच्या ओढून बसवायच्या पॅडला द्यावी. ते दस्त्याच्या बुडावर मोज्यासारखे चढते, नाडीने आवळले जाते आणि काम झाल्यावर उतरवता येते. दिसायला ते फार डौलदार नाही, पण बंदुकीला एकही नवे छिद्र पडत नाही. जुन्या वस्तूच्या बाबतीत हा मोठा गुण आहे. मात्र वापर संपताच ते काढून ठेवावे. चामडे ओल धरते.

कायमचे पॅड बसवायचे तर दस्ता पॅडच्या जाडीएवढा कापावा लागतो, आणि कापलेले अक्रोड परत जोडता येत नाही. म्हणून मापे आधी जुन्या दस्त्यावर घेऊन लिहून ठेवायची: लांबी मधोमध, टाचेशी म्हणजे बुडाच्या वरच्या टोकाशी आणि बोटाशी म्हणजे खालच्या टोकाशी अशी तिन्ही ठिकाणी, म्हणजे बुडाचा कोन बदलत नाही. करवतीच्या रेषेवर चिकटपट्टी लावली की कडा चिरत नाहीत. जुन्या स्क्रूंची छिद्रे नव्या जागांशी जुळली नाहीत तर ती कठीण लाकडाच्या खुंट्यांनी बुजवायची. पॅड नेहमी दस्त्यापेक्षा मोठे मिळते. ते बंदुकीवर बसवूनच घासले तर पॉलिशपट्टीचे ओरखडे दस्त्यावर उठतात. आकार आखून, पॅड वेगळे काढून घासणारा कारागीर निवडावा. आणि एक काम हटकून विसरले जाते: कापलेल्या लाकडाचे उघडे तोंड बंद करणे. लाकूड कडेपेक्षा तोंडाने कितीतरी वेगाने ओल पिते. पॅडखाली ते तोंड वॉर्निशने किंवा जवसाच्या तेलाने बंद केले नाही, तर विष्णुपुरीचा पहिलाच पावसाळा तिथून आत शिरतो. जवस मराठवाड्यातलेच पीक, आणि त्याचे तेल दस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते. फक्त तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि असे फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून वाळवावे.

मूळ बूडपट्टी, मग ती शिंगाची असो, पोलादाची असो वा काळ्या कडक रबराची, आणि कापून निघालेला लाकडाचा तुकडा, हे दोन्ही जपून ठेवायचे. पुढच्या पिढीला बंदूक मूळ रूपाच्या जवळ न्यावीशी वाटली तर तेवढाच आधार असतो.

हे काम कुणी करावे, याला कायद्याचे उत्तर आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्रांची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे. ओळखीचा सुतार कितीही कसबी असला तरी बंदूक त्याच्याकडे ठेवून येता येत नाही. नांदेडमध्ये आणि महाराष्ट्रात इतरत्र शिकलगार घराण्यांकडे शस्त्रांची झिलई पिढीजात आहे. पण बंदुकीच्या कामाला आज कसबाबरोबर परवानाही लागतो, आणि दुकानाची पावती घ्यावी लागते. दस्ता आखूड करणे ही सोयीची गोष्ट आहे. नळी आखूड करणे हा मात्र सहाव्या कलमाखाली वेगळ्या परवानगीचा विषय आहे आणि विनापरवाना केल्यास गंभीर गुन्हा. कुणी दोन्ही कामे एका दमात सुचवली तर त्या माणसाकडून बंदूक परत घ्यावी.

आता ठेवण्याची रीत. इथे आधी माणसाचा जीव, मग बंदुकीचा. बंदूक रिकामी, कुलूपबंद, आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात. किल्ल्या घरातल्या मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. २०१६च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणी आणि साठवणीचे प्रशिक्षण आले ते याचसाठी. माळवदाच्या जुन्या वाड्यांत बंदूक बैठकीच्या खुंटीला टांगलेली असे. तो थाट आता सोडला पाहिजे. पाहुण्यांच्या हाताला लागते ती मुलांच्याही हाताला लागते, आणि मातीच्या जाड भिंतीची ओल नळीच्या एका बाजूला कायम भिडलेली राहते.

लोखंडी कपाट चांगले, पण ते बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. लोखंड आणि लाकूड एकत्र ठेवायचे तर आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास बरी; ६०च्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो. भिंतीवरच्या घड्याळाएवढा स्वस्त आर्द्रतामापक कपाटात ठेवला तर अंदाजाने चालावे लागत नाही. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, मात्र पावसाळ्यात त्या लवकर भरतात. रंग बदलणारे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की ते भाजून कोरडे करावे लागतात; एकदा ठेवून वर्षभर विसरलेली पुडी निरुपयोगी असते.

गवसणी ही या विषयातली जुनी चूक आहे. चामड्याची, आतून मखमल लावलेली गवसणी प्रवासासाठी असते. तिच्यात बंदूक महिनोन्‌महिने ठेवली की कापड हवेतली ओल धरून ठेवते, चामडे कमावतानाची द्रव्ये लोखंडाला लागतात, आणि गवसणीच्या शिवणीची रेघ नळीवर गंजाने उमटते.

तेल थोडे लावावे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल काही महिन्यांत चिकट होते आणि चापाच्या यंत्रात धूळ धरते. शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल त्यापेक्षा कितीतरी बरे. तेल लावून बंदूक नळी वर करून उभी ठेवली की जादा तेल यंत्रातून ओघळत दस्त्याच्या मानेत मुरते, लाकूड काळे आणि मऊ पडते. काही वर्षांनी तीच मान फुटते. म्हणून तेलपाण्यानंतर काही दिवस बंदूक नळी खाली करून ठेवावी. पॅड बसवलेल्या बंदुकीला यात आणखी एक फायदा आहे: तेवढे दिवस पॅडवर भार येत नाही; एरवी सगळे वजन वर्षभर रबरावर राहिले तर ते चपटे होते. रबराला तेल, उष्णता आणि काळ तिन्ही नडतात. जुने पॅड आधी कडक होते, मग तडकते. काही चिकट होऊन फडक्याला धरतात. असे पॅड निकामी समजून बदलावे. रबर मऊ करण्याच्या घरगुती उपायांनी ते आणखी लवकर जाते.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. काळ्या दारूचा आणि जुन्या टोपीचा मागे राहिलेला क्षार हवेतली ओल ओढतो, आणि तो तेलाने निघत नाही. नळी आधी गरम पाण्याने धुवायची, पूर्ण कोरडी करायची, मगच तेल.

परवानाधारकाच्या हातात नसलेला एक काळही बंदुकीच्या आयुष्यात येतो. निवडणुकीत आचारसंहितेच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात. २०२४ साली नांदेडमध्ये २६ एप्रिलला आणि लातूरमध्ये ७ मे रोजी लोकसभेचे मतदान झाले. २० नोव्हेंबरला दोन्हीकडे विधानसभेचे, आणि नांदेडला त्याच दिवशी लोकसभेची पोटनिवडणूकही. जमा करण्याआधी बंदूक पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, दस्ता, पॅड आणि नळ्या यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि पावतीवर क्रमांकाबरोबर 'रबरी पॅड बसवलेले' अशी नोंद करून घ्यावी. द्यायचीच तर सुती पिशवीत द्यावी. परत आली की त्याच दिवशी उघडून पाहावी.

शस्त्र अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोन झाली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे. वारशाने आलेल्या बंदुकाही या दोनांतच मोजल्या जातात. त्यामुळे आजोबांची तिसरी दुनळी जपायची इच्छा असूनही बऱ्याच घरांना ती सोडावी लागली. परवानाधारक निवर्तल्यावर वारसांनी बंदूक तशीच घरात ठेवणे बेकायदा आहे. एकविसाव्या कलमाप्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, मग वारसाने अर्ज करायचा. या मधल्या काळात ती दुसऱ्याच्या गोदामात पडून राहते. विक्रेत्याकडे देताना बंदुकीबरोबर मूळ बूडपट्टी, कापलेला तुकडा, जुन्या मापांचा कागद आणि काडतूसघराच्या लांबीची नोंद एका पाकिटात द्यावी, पाकिटाचा उल्लेख पावतीवर घ्यावा, आणि गोदामभाडे भरायला जाल तेव्हा मृगाच्या आधी एकदा व खंडेनवमीच्या सुमारास एकदा, विक्रेत्यासमोर, नळ्या उघडून आतून पाहाव्यात.